क्रिमिया कोणाचा? : एका वादग्रस्त भूमीचा इतिहास



२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि एक जुने भांडण आपल्या घराघरांत चर्चेचा विषय झाले. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांना ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेखाली मायदेशी आणावे लागले. त्यांत महाराष्ट्रातील मुलेमुलीही होती. त्यामुळे कीव्ह, खारकीव्ह ही गावे नकाशात कोठे आहेत, हे आपल्याकडील कित्येक आईबापांनी प्रथमच शोधून पाहिले. तथापि या भांडणाचा आरंभ २०२२ सालचा नव्हे. त्यापूर्वी आठ वर्षे, २०१४ साली, रशियाने युक्रेनचा एक प्रदेश आपल्या राज्यास जोडून घेतला होता. त्या प्रदेशाचे नाव क्रिमिया. प्रस्तुत लेखात आपण या एकाच भूमीचा इतिहास पाहणार आहोत.

‘क्रिमिया खरा कोणाचा?’ असा प्रश्न वर्गात मुले विचारतात. त्यांना एका शब्दात उत्तर हवे असते. रशियन मनुष्य १७८३ सालाकडे बोट दाखवतो. युक्रेनियन मनुष्य १९५४ आणि १९९१ ही साले सांगतो. दोघांचीही साले खरी आहेत, आणि दोघांजवळही कागद आहेत. परंतु या दोघांच्या वादात एक तिसरा समाज आहे, ज्याची आठवण फारच थोड्यांना होते. तो म्हणजे क्रिमियाचे तातार. त्यांना विचाराल तर ते १९४४ हे साल सांगतील. वाचकहो, जो ज्या सालापासून मोजावयास लागतो त्याला त्याप्रमाणे उत्तर मिळते. म्हणून आपण मधलेच एखादे साल न धरता थोडे मागून येऊ या.

भूमी आणि तिचे जुने रहिवासी

क्रिमिया हे काळ्या समुद्रात शिरलेले द्वीपकल्प आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाहून किंचित कमी. उत्तरेस पेरेकोप नावाच्या अवघ्या पाच ते सात किलोमीटर रुंदीच्या संयोगभूमीने ते युक्रेनच्या मुख्य भूमीस जोडलेले आहे. पूर्वेस केर्चची सामुद्रधुनी आहे व तिच्या पलीकडे रशिया. दक्षिणेस डोंगर, त्याखाली उबदार किनारा आणि सेवास्तोपोलचे नैसर्गिक बंदर. ज्याच्या हाती हे बंदर, त्याचा काळ्या समुद्रावर वचक, हे समीकरण फार जुने आहे. इतक्या लहान भूमीसाठी इतके रक्त का सांडले, याचे निम्मे उत्तर नकाशातच मिळते.

ग्रीक, गॉथ, ज्यू, आर्मेनियन, इटलीतील जिनोआचे व्यापारी, तुर्की बोलणाऱ्या निरनिराळ्या टोळ्या असे अनेक लोक येथे आले व राहिले. त्यांतील पुष्कळांच्या मिश्रणातून क्रिमियन तातार हा मुस्लिम समाज घडला. पंधराव्या शतकाच्या मध्यास हाजी गिराय याने तेथे स्वतंत्र खानशाही स्थापन केली. १४७५ पासून ती उस्मानी तुर्कांची मांडलिक झाली. बख्चिसराय ही तिची राजधानी. तेथील खानांचा राजवाडा आजही उभा आहे.

या खानशाहीचा इतिहास केवळ गौरवाचा नाही. तिचे घोडेस्वार उत्तरेकडील युक्रेनियन, पोलिश व रशियन मुलुखांवर धाडी घालीत, माणसे धरून आणीत आणि केफे बंदरात गुलाम म्हणून विकीत. १५७१ साली खान दौलत गिराय याने मॉस्को शहर जाळले. आपल्या धर्माचे राज्य होते म्हणून ही पाने मिटून ठेवणे योग्य होणार नाही. रशियन व युक्रेनियन लोकांच्या मनात तातारांविषयी जी अढी राहिली तिची मुळे येथे आहेत. त्याचबरोबर १६४८ साली युक्रेनियन कोसॅकांचा नेता बोहदान ख्मेलनित्स्की याने पोलंडविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्याच्या मदतीस याच खानशाहीची फौज गेली होती, हेही नमूद केले पाहिजे. शेजाऱ्यांचे वैर जसे जुने होते तसे सख्यही जुने होते.

एक करार, दोन अर्थ

याच ख्मेलनित्स्कीने १६५४ साली पेरेयास्लाव येथे मॉस्कोच्या झारचे संरक्षण स्वीकारले. रशियन इतिहासकारांच्या मते हे दोन भावांचे पुनर्मीलन होते. युक्रेनियन इतिहासकारांच्या मते तो संकटकाळी केलेला लष्करी करार होता, आणि पुढे झारने तो पाळला नाही. घटना एकच, परंतु दोन देशांतील पाठ्यपुस्तकांत तिचे दोन अर्थ झाले. आजच्या भांडणाचे बरेचसे बीज या दोन अर्थांत आहे.

पुढे रशियाचे सामर्थ्य वाढले. १७७४ च्या कुचुक कायनार्जीच्या तहाने तुर्कस्तानला क्रिमियावरील सत्ता सोडावी लागली व खानशाही नावापुरती स्वतंत्र झाली. अवघ्या नऊ वर्षांनी, १७८३ साली, झारीण कॅथरिनने क्रिमिया आपल्या साम्राज्यास जोडला. त्याच वर्षी सेवास्तोपोलच्या आरमारी तळाची उभारणी सुरू झाली. तातारांच्या जमिनी सरदारांकडे जाऊ लागल्या, आणि तातार कुटुंबे गलबतांत बसून तुर्कस्तानची वाट धरू लागली.

१८५३ ते १८५६ या काळात रशिया एका बाजूस आणि तुर्कस्तान, इंग्लंड व फ्रान्स दुसऱ्या बाजूस असे क्रिमियाचे युद्ध झाले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शुश्रूषा याच युद्धातली, आणि लिओ टॉलस्टॉय हे तरुण अधिकारी म्हणून सेवास्तोपोलच्या वेढ्यात होते. आपल्या इतिहासाचाही एक धागा येथे येऊन मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या तनख्याचे गाऱ्हाणे घेऊन लंडनला गेलेले त्यांचे वकील अझीमुल्ला खान हे परतताना १८५५ साली इस्तंबूलमार्गे क्रिमियात गेले व त्यांनी सेवास्तोपोलचा वेढा पाहिला. लंडनच्या ‘टाइम्स’चे बातमीदार विल्यम रसेल यांनी त्यांच्या भेटीची नोंद केली आहे. इंग्रज फौजेची तेथील दैना पाहणारा हा गृहस्थ दोनच वर्षांनी १८५७ च्या उठावात नानासाहेबांच्या बाजूस उभा राहिला.

युद्ध संपल्यावर तातारांवर शत्रूला फितूर असल्याचा संशय आला. १८६० च्या सुमारास लाखाहून अधिक तातार देश सोडून तुर्कस्तानात गेले. १८९७ च्या खानेसुमारीत क्रिमियाच्या लोकसंख्येत तातार सुमारे ३५ टक्के, रशियन ३३ टक्के व युक्रेनियन सुमारे १२ टक्के होते. शंभर वर्षांपूर्वी बहुसंख्य असलेला समाज अशा रीतीने एक तृतीयांशावर आला.

बख्चिसरायचा शिक्षक

विद्यार्थी मित्रहो, अशा पडत्या काळात या समाजात एक शिक्षक उभा राहिला. त्याचे नाव इस्माईल गास्प्रिन्स्की. त्याचा जन्म १८५१ चा. राज्य गेले म्हणून रडत बसण्यापेक्षा मुलांच्या हाती पुस्तक दिले पाहिजे, अशा निश्चयाने तो कामास लागला. १८८३ साली त्याने बख्चिसराय येथे ‘तर्जुमान’ हे वृत्तपत्र सुरू केले. १८८४ साली त्याने नव्या पद्धतीची शाळा काढली. जुन्या मकतबांत मुले वर्षानुवर्षे पाठांतर करीत, परंतु त्यांना नवे पान वाचता येत नसे. गास्प्रिन्स्कीने अक्षराचा उच्चार शिकवून वाचन शिकवण्याची रीत आणली. चाळीस दिवसांत मूल वाचू लागते, असे त्याचे सांगणे होते. धर्मशिक्षणाबरोबर त्याने गणित, भूगोल व इतिहास हे विषय घेतले. या पद्धतीस ‘उसूल-ए-जदीद’ असे नाव पडले, आणि तिच्या शाळा व्होल्गाच्या काठापासून मध्य आशियापर्यंत निघाल्या. मुलींच्या शिक्षणाचाही तो पुरस्कर्ता होता. त्याची कन्या शफीका हिने स्त्रियांसाठी नियतकालिक चालवले. आपल्या पद्धतीच्या प्रसारासाठी गास्प्रिन्स्की १९१२ साली आपल्या मुंबईसही आला होता. १९१४ साली त्याचे निधन झाले.

या शाळांतून शिकलेल्या पिढीने १९१७ साली, झारशाही कोसळल्यावर, ‘कुरुलताय’ म्हणजे निवडलेली लोकसभा भरवली. तिच्या निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार होता व स्त्रिया निवडूनही आल्या होत्या. परंतु १९१८ च्या आरंभीच बोल्शेविकांनी ही सत्ता मोडली व तिचा नेता नोमान चेलेबीजिहान यास ठार केले. १९२१ साली क्रिमिया हे सोव्हिएत रशियाअंतर्गत एक स्वायत्त प्रजासत्ताक झाले.

युक्रेनच्या वाट्यासही याच राजवटीत मोठे दुःख आले. १९३२–३३ मध्ये धान्याच्या सक्तीच्या वसुलीमुळे तेथे मानवनिर्मित दुष्काळ पडला आणि तीस लाखांहून अधिक माणसे भुकेने मेली. युक्रेनियन मनुष्य मॉस्कोवर विश्वास का ठेवीत नाही, हे समजण्यासाठी ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे.

१८ मे १९४४

दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४४ क्रिमिया जर्मनांच्या ताब्यात होता. काही तातारांनी जर्मनांस साथ दिली, तसे इतर समाजांतील काही लोकांनीही केले. त्याच वेळी हजारो तातार तरुण सोव्हिएत फौजेत लढत होते. वैमानिक अमेतखान सुलतान, ज्याची आई तातार होती, यास ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब दोनदा मिळाला. परंतु स्टालिनने निवाडा केला तो सगळ्या समाजाचा. ११ मे १९४४ रोजी हुकुमावर सही झाली आणि १८ मेच्या पहाटे शिपाई दारोदार गेले. सामान बांधण्यास काही मिनिटे मिळाली. तीन दिवसांत सुमारे १,९०,००० माणसे मालगाडीच्या डब्यांत भरून उझबेकिस्तान व उरल पर्वताकडे पाठवण्यात आली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले व वृद्ध होते, कारण तरुण आघाडीवर होते. ते तरुणही युद्ध संपताच हद्दपारीत धाडले गेले. वाटेत, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत उपासमारीने व रोगाने किती मेले याचे आकडे निरनिराळे आहेत. सरकारी हिशेब पाचव्या हिश्श्याच्या आसपास येतो, तर तातारांनी स्वतः घरोघर केलेली मोजणी निम्म्याच्या जवळ जाते. पुढच्याच महिन्यात क्रिमियातील ग्रीक, आर्मेनियन व बल्गेरियन लोकांचीही तीच गत झाली. म्हणजे हा अन्याय एका धर्मावरचा नव्हता, नको असलेल्या लोकांवरचा होता.

रिकाम्या घरांत रशियन व युक्रेनियन कुटुंबे आणून बसवली गेली. गावांची तातार नावे पुसून नवी रशियन नावे दिली गेली. १९३९ साली क्रिमियात रशियन लोक निम्म्याच्या आसपास व तातार १९ टक्के होते. १९५९ च्या खानेसुमारीत रशियन ७१ टक्के, युक्रेनियन २२ टक्के, आणि तातार जवळजवळ शून्य!

वाचकहो, १९५४ चा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. त्या वर्षी १९ फेब्रुवारीस सोव्हिएत सरकारने क्रिमिया रशियन प्रजासत्ताकातून काढून युक्रेनियन प्रजासत्ताकास दिला. आर्थिक व्यवहार, भौगोलिक सान्निध्य व सांस्कृतिक संबंध ही कारणे देण्यात आली. ती निराधार नव्हती. क्रिमियाला पाणी, वीज व रेल्वे युक्रेनमधूनच येणे सोयीचे होते, आणि पुढे द्नीपर नदीचे पाणी आणणारा उत्तर क्रिमियन कालवा त्याच मार्गाने आला. परंतु लोकांचे मत कोणीही विचारले नाही. राहणाऱ्यांनाही नाही, आणि हाकललेल्यांना तर नाहीच.

परतीची वाट

१९६७ साली सरकारने तातारांवरील सरसकट आरोप मागे घेतला, परंतु गावी परतण्याची मुभा दिली नाही. मग या लोकांनी काय केले? शस्त्र उचलले नाही. अर्ज लिहिले, सह्या गोळा केल्या, मॉस्कोस शिष्टमंडळे पाठवली. मुस्तफा जमीलेव हा सहा महिन्यांचा असताना आईच्या कडेवर हद्दपार झाला होता. तो या चळवळीचा नेता झाला व अनेकदा तुरुंगात गेला. १९७५–७६ मध्ये त्याने ३०३ दिवस उपोषण केले. तुरुंगवाले नळीने अन्न घालीत म्हणून तो जगला.

येथे दोन नावे मुद्दाम लक्षात ठेवा. पेट्रो ग्रिगोरेन्को हा युक्रेनियन, सोव्हिएत फौजेतील जनरल. तातारांच्या बाजूने साक्ष देण्यास गेला असता १९६९ साली ताश्कंद येथे त्यास अटक झाली व पुढे काही वर्षे मनोरुग्णालयात डांबले गेले. दुसरा आंद्रेई साखारोव्ह, रशियन शास्त्रज्ञ. १९७६ साली ओम्स्क येथे जमीलेववर खटला चालला तेव्हा तो न्यायालयाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. एक युक्रेनियन व एक रशियन, दोघेही मुस्लिम नव्हेत, परंतु अन्याय पाहून गप्प राहिले नाहीत. कोणत्याही राष्ट्राला एका रंगात रंगवू नये, हे या दोघांनी आपल्या वर्तनाने दाखवून दिले.

१९८९ पासून तातार परतू लागले. त्यांच्या जुन्या घरांत आता दुसरी कुटुंबे होती. त्यांनी ओसाड माळांवर झोपड्या बांधल्या. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात क्रिमियातील ५४ टक्के मते युक्रेनच्या स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. १९९४ च्या बुडापेस्ट करारात युक्रेनने आपली अण्वस्त्रे सोडली, आणि रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सरहद्दींचा आदर करण्याचे वचन दिले. २००१ च्या खानेसुमारीत तातार पुन्हा १२ टक्के झाले होते. तथापि त्यांच्या जमिनीचा प्रश्न युक्रेननेही त्या तेवीस वर्षांत नीट सोडवला नाही, हे मान्य केले पाहिजे.

२०१४ आणि नंतर

२७ फेब्रुवारी २०१४ रोजी बिनबिल्ल्याच्या सशस्त्र शिपायांनी सिम्फेरोपोल येथील विधानसभा ताब्यात घेतली. हे शिपाई रशियाचेच होते, हे पुढे रशियानेही मान्य केले. १६ मार्चला फौजेच्या उपस्थितीत सार्वमत झाले. तातारांच्या ‘मजलिस’ या प्रतिनिधी संस्थेने त्यावर बहिष्कार घातला. सुमारे ९७ टक्के मते रशियाच्या बाजूने पडल्याचे जाहीर झाले, आणि १८ मार्चला क्रिमिया रशियास जोडला गेला. २७ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०० विरुद्ध ११ मतांनी हे सार्वमत अग्राह्य ठरवले. ५८ देश तटस्थ राहिले व त्यांत भारतही होता.

नव्या राज्यकर्त्यांनी तातारी भाषेस राजभाषेचा दर्जा दिला, परंतु २०१६ साली मजलिसवर बंदी घातली. जमीलेव यांस मायभूमीत पाऊल टाकण्यास मनाई झाली. युक्रेनने कालव्याचे पाणी बंद केले आणि क्रिमियाची शेते वाळली. २०२२ चे आक्रमण झाले ते क्रिमियातूनही, आणि तो कालवा मोकळा करणे हे त्या फौजेच्या पहिल्या कामांपैकी एक होते. हद्दपारीत, उझबेकिस्तानात जन्मलेला रुस्तम उमेरोव हा तातार गृहस्थ २०२३ ते २०२५ या काळात युक्रेनचा संरक्षणमंत्री होता. तर क्रिमियातील तातार तरुणांना रशियन फौजेत भरती करण्यात आले. एका लहान समाजाची मुले समोरासमोरच्या दोन फौजांत उभी राहिली.

मग क्रिमिया कोणाचा?

विद्यार्थी मित्रहो, आता मूळ प्रश्नाकडे वळू या. कायद्याच्या दृष्टीने उत्तर अवघड नाही. १९९१ च्या सरहद्दी रशियाने स्वतः सही करून मान्य केल्या होत्या. मोडलेले वचन बलवानाने मोडले म्हणून खरे होत नाही. परंतु न्यायाचा प्रश्न याहून मोठा आहे. १७८३ पासून मोजणारा मनुष्य त्या आधीची तीन शतके सोडून देतो. २०१४ ची बहुसंख्या सांगणारा मनुष्य ती बहुसंख्या घडताना १९४४ साली काय झाले ते सांगत नाही. १९५४ चा कागद दाखवणारा मनुष्य त्या कागदावर रहिवाशांची सही नव्हती हे विसरतो. आणि तातारांनीही हे ध्यानी ठेवावे लागेल की, त्यांच्या जुन्या घरात १९५० साली जन्मलेल्या रशियन मुलाने कोणाचा अपराध केलेला नाही. त्याचीही मायभूमी तीच आहे.

म्हणून इतिहास वाचताना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. सांगणारा कोणत्या सालापासून सांगतो आहे? त्या आधी तेथे कोण राहत होते? आणि ज्यांच्याविषयी निर्णय झाला त्यांना कोणी विचारले काय? हे प्रश्न परक्यांच्या इतिहासाला विचारणे सोपे असते. आपल्या अभिमानाच्या गोष्टींनाही ते विचारता आले, तरच शिक्षण अंगी लागले असे म्हणता येईल.

पालकहो, तातारांच्या हातून राज्य गेले, जमीन गेली, गावांची नावे गेली. तरीही जवळजवळ पन्नास वर्षांच्या हद्दपारीनंतर हा समाज परतला, तो ओळख न विसरता परतला. घराघरांत आजीने नातवाला गावाचे जुने नाव सांगितले, भाषा शिकवली आणि अर्ज कसा लिहावा हेही शिकवले. गास्प्रिन्स्कीने लावलेले रोप फौजांना उपटता आले नाही. आपल्या मुलांना शाळेत पाठवताना पदवी आणि नोकरी यांचा विचार आपण करतोच, तो केलाही पाहिजे. परंतु कागद वाचता येणे, त्यातील खरेखोटे निवडता येणे आणि आपले म्हणणे शांतपणे लिहून मांडता येणे, ही शिक्षणाची मिळकत कोणत्याही सरकारास जप्त करता येत नाही. ती मुलांच्या आणि मुलींच्याही पदरी घालणे हे आपले काम आहे.